पडद्यामागची विद्या

नाट्यगृहात तिसरी घंटा होते. कुजबुज थांबते, दिवे मंदावतात आणि शेकडो डोळे एकाच दिशेला लागतात. पडदा वर जातो तेव्हा प्रेक्षकांना दिसतो तो नट. ऐकू येते ती नाटककाराची वाणी. परंतु घंटा कोणी दिली, दिवे कोणाच्या सांगण्यावरून मंदावले आणि पडदा नेमका त्याच क्षणी का उचलला गेला, हे विचारण्याचे कोणाला कारण पडत नाही. सारे सुरळीत चालले की हा माणूस अदृश्य राहतो. रंगमंच-व्यवस्थापक म्हणतात तो हाच. एकेकाळी निव्वळ उमेदवारीने साधणारे त्याचे काम विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जाऊन बसले, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हे काम नवे मुळीच नाही. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षागृहाच्या विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र या आकारांचा विचार जसा केला आहे, तसाच नाट्यमंडळीत कोण कोण असावे याचाही केला आहे. त्यात मुकुट घडवणारा, अलंकार करणारा, माळा गुंफणारा, वस्त्रे धुणारा अशा साऱ्यांची नोंद आहे आणि या सर्वांना एका सूत्रात बांधणारा तो सूत्रधार. इंग्लंडात शेक्सपिअरच्या काळी नाटकाची संहिता सांभाळणारा एक कारभारी असे. कोणत्या प्रवेशात कोणी केव्हा यायचे याची यादी एका मोठ्या कागदावर लिहून, तो पुठ्ठ्यावर चिकटवून नेपथ्यगृहात खुंटीला अडकवीत. असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कागद आजही शिल्लक आहेत. कित्येक नाटकांच्या संहिता काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. प्रवेशांच्या काही याद्या मात्र उरल्या!

शतकानुशतके ही विद्या हातातून हातात गेली. पोरसवदा वयात मंडळीत शिरावे, सामान वाहावे, पडदे ओढावे, पुढे प्रॉम्प्टिंग करावे आणि एखाद्या जुन्या जाणत्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून डोळ्यांनी शिकावे, हा तिचा शिरस्ता. आपल्याकडील नाटक मंडळ्यांतही याहून निराळी रीत नव्हती. 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले. त्यानंतर नाटक मंडळ्यांचा जो संसार गावोगाव हिंडला, त्याच्या पडद्यांची आणि पेटाऱ्यांची काळजी वाहणाऱ्या माणसांना शाळा कसली ती ठाऊक नव्हती. मंडळीचे बिऱ्हाड हीच त्यांची शाळा होती.

ही रीत अपुरी पडू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जर्मनीतील माइनिंगेनच्या ड्यूकची नाटक मंडळी युरोपभर दौरे करू लागली. तिच्या प्रयोगांतील गर्दीचे प्रवेश एवढे शिस्तबद्ध असत की पुढे स्वतः युगप्रवर्तक ठरलेला स्तानिस्लावस्की 1890 साली मॉस्कोत ते पाहून थक्क झाला. दरम्यान 1881 साली लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात सर्वत्र विजेचे दिवे आले. नेपथ्य अवजड झाले, यंत्रे वाढली, दिव्यांचे खेळ सुरू झाले. रंगमंचाला कारखान्याचे रूप येऊ लागले आणि कारखान्याचे धोकेही त्याबरोबर आले.

हे धोके किती भयंकर असतात ते 1903 च्या 30 डिसेंबरला शिकागो शहराने पाहिले. इरॉक्वाय नाट्यगृह नुकतेच, जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी उघडले होते. नाताळच्या सुटीतला दुपारचा खेळ असल्याने स्त्रिया आणि मुले यांचीच गर्दी होती. एका प्रखर दिव्याची ठिणगी कापडी पडद्याला लागली. आग अडवण्यासाठी बसवलेला सुरक्षापडदा खाली सोडला, तो मध्येच अडकला. बाहेर जाण्याचे कित्येक दरवाजे बंद होते, काही लोकांना उघडताच आले नाहीत. सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. पडदा होता, पण तो खाली येतो की नाही हे खेळापूर्वी रोज पाहावे, दरवाजे उघडतात की नाही याची खातरजमा करावी, हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असायला हवे होते. रंगमंचावरील व्यवस्थेला जीवित-मरणाचे मोल असते, ही गोष्ट त्या दिवशी साऱ्या जगाला कळून चुकली.

अमेरिकेतील विद्यापीठे नाटकाकडे वळली ती याच सुमारास. हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर या नावाचे इंग्रजीचे एक प्राध्यापक होते. नाट्यलेखनाचा त्यांचा वर्ग ‘इंग्रजी 47’ या क्रमांकाने ओळखला जाई. लिहिलेले नाटक उभे करून पाहिल्याखेरीज त्याचे गुणदोष कळत नाहीत, असा बेकरांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी ‘सत्तेचाळीस कार्यशाळा’ काढली. 1914 साली त्यांच्या वर्गात आलेला यूजीन ओनील पुढे नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. तथापि हार्वर्डच्या धुरीणांना नाट्यनिर्मिती हा पदवीचा विषय वाटेना. सुतारकाम, रंगकाम आणि दिव्यांची जोडणी यांना विद्येच्या मंदिरात स्थान कसे द्यावे, हा त्यांचा पेच होता. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेने मात्र 1914 सालीच नाट्यकलेची पदवी देण्यास आरंभ केला होता.

अखेर येल विद्यापीठाने बेकरांना बोलावले. एडवर्ड हार्कनेस या दानशूर गृहस्थाने 1924 साली दहा लक्ष डॉलर्सची देणगी दिली. 1925 साली नाट्यविभाग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे स्वतःचे नाट्यगृह उभे राहिले. तेथे लेखनाबरोबरच नेपथ्य आणि प्रकाशयोजनाही शास्त्र म्हणून शिकवल्या जाऊ लागल्या. तिथल्या स्टॅनली मॅकँडलेस यांनी रंगमंचाचे विभाग पाडून प्रकाश कसा टाकावा याची पद्धत बसवली आणि 1932 साली ती ग्रंथरूपाने मांडली. 1955 साली या विभागाला स्वतंत्र विद्यालयाचा दर्जा मिळाला. 1966 साली त्याच्या शेजारी व्यावसायिक नाट्यसंस्था उभी राहिली आणि रुग्णालयात वैद्यकाचा विद्यार्थी शिकावा तसा नाट्यविद्यार्थी तिच्या प्रयोगांत शिकू लागला. रंगमंच-व्यवस्थापन हा तेथे आज तीन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

या विद्यार्थ्याने शिकायचे तरी काय? तालमीच्या जागेत जमिनीवर पट्ट्या चिकटवून नेपथ्याचा आराखडा आखणे. कोणत्या वाक्याला कोणता नट कोठे सरकतो याची संहितेत रोज नोंद ठेवणे. दिव्यांचा, ध्वनीचा आणि नेपथ्याच्या हालचालीचा प्रत्येक इशारा क्रमांक घालून लिहिणे. प्रयोग चालू असता तो आधी ‘तयार राहा’ म्हणतो आणि मग योग्य क्षणी ‘चला’. शंभर माणसांचे श्रम त्या एका शब्दावर टांगलेले असतात. पहिल्या प्रयोगानंतर दिग्दर्शक निघून जातो. नाटक जसे बसवले तसेच पन्नासाव्या रात्रीही राहावे, ही जबाबदारी उरते व्यवस्थापकावर. प्रयोग संपला की त्याने लेखी अहवाल द्यायचा: अंक किती मिनिटे चालला, काय मोडले, कोण दुखावले. नाटकासारख्या क्षणभंगुर कलेचा दफ्तरदार म्हटला तर तोच.

या शिक्षणाविषयी आक्षेप नाहीत असे नाही. प्रसंगावधान वर्गात शिकवता येत नाही, जे काम तालमीत फुकट शिकता येते त्यासाठी पैका आणि वर्षे का खर्चावी, असे अनुभवी मंडळी म्हणत आली आहेत. यात तथ्य आहे. येलच्या विद्यालयाला 2021 साली पंधरा कोटी डॉलर्सची देणगी मिळून तेथील शिक्षण निःशुल्क झाले, यावरूनही खर्चाचा प्रश्न किती जाचक होता हे कळते. परंतु उमेदवारीत शिकणाऱ्याला गुरूचे गुण मिळतात तसे त्याचे दोषही मिळतात. शिवाय ‘असे का करायचे’ हा प्रश्न तेथे विचारण्याची सोय फारशी नसते. विद्यापीठाने ती सोय केली.

आपल्या देशात 1959 साली दिल्लीला राष्ट्रीय नाट्यविद्यालय स्थापन झाले. 1962 ते 1977 या काळात त्याची धुरा इब्राहिम अल्काझी यांच्याकडे होती. त्यांचा जन्म पुण्याचा आणि नाट्यशिक्षण लंडनचे. नटाइतकीच नेपथ्याची आणि रंगमंचाच्या तंत्राची शिस्त त्यांनी विद्यार्थ्यांच्या अंगी बाणवली. 1963 साली फिरोजशहा कोटल्याच्या भग्नावशेषांत त्यांनी ‘अंधायुग’ सादर केले, तेव्हा उघड्या जागेतील प्रयोगाला किती काटेकोर पूर्वतयारी लागते हे दिल्लीकरांनी पाहिले. पुढे महाराष्ट्रातही औरंगाबाद, पुणे आणि मुंबई येथील विद्यापीठांत नाट्यशिक्षणाचे विभाग निघाले. तरीही रंगमंच-व्यवस्थापन हे मराठी रंगभूमीवर आजही बहुतांशी अनुभवानेच शिकले जाते.

मात्र एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातींत प्रयोगाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाचे नाव ‘सूत्रधार’ या बिरुदाखाली छापले जाते. भरतमुनींचा शब्द असा दौऱ्याच्या बसमध्ये, नेपथ्याच्या सामानाशेजारी बसून गावोगाव प्रवास करतो आहे. शब्द टिकला, आता त्यामागची विद्याही रीतसर शिकवली जावी, एवढेच उरले आहे. तसे झाले म्हणून प्रेक्षकांना काही निराळे दिसणार नाही. तिसरी घंटा वेळेवर होईल, पडदा न अडकता वर जाईल आणि खेळ संपल्यावर सारे दरवाजे उघडे असतील.