मुंग्यांची खूण आणि हृदयाची गोळी

लघवीला मुंग्या लागल्या की माणसाला साखर झाली, हे वऱ्हाडातल्या जुन्या मंडळींना शिकवावं लागत नसे. चरकसंहितेतही ही खूण नोंदलेली आहे. आज वाशीमच्या औषध दुकानात मिळणारी एक गोळी मात्र नेमकं हेच मुद्दाम घडवून आणते. ती साखर लघवीवाटे बाहेर काढते. तिचं मोठं काम पुढे दिसलं ते हृदयात.

तिचं मूळ सफरचंदाच्या झाडात आहे. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन हा कडू पदार्थ वेगळा केला. सिंकोनासारखी चव, म्हणून तापावर चालेल अशी आशा होती. १८८६ मध्ये जर्मन डॉक्टर योसेफ फॉन मेरिंग यांनी ते कुत्र्यांना दिलं आणि त्यांच्या लघवीत साखर उतरली. मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० ग्रॅम साखर गाळतात आणि जवळजवळ सगळी रक्तात परत घेतात. फ्लोरिझिन ही वाट अडवत होतं. पोटातून घेतलं तर ते नीट शोषलं जात नसे. त्याच्याच रचनेवरून पुढे डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन तयार झाली, मधुमेहासाठी.

हृदयाचा संबंध आला तो भीतीपोटी.

रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीने हार्ट अटॅकचा धोका वाढतो, असं २००७ मध्ये एका विश्लेषणातून पुढे आलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने बजावलं, की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे कंपन्यांनी दाखवून द्यावं. रुग्णाच्या बाजूने घेतलेला इतका फलदायी निर्णय क्वचितच सापडतो. अपाय तर होत नाही ना, हे पाहायला एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी ७,०२० मधुमेहींवर झाली. २०१५ मध्ये निकाल आला: हार्ट फेल्युअरमुळे भरती होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं होतं. साखरेतला फरक थोडकाच होता. मग फायदा साखर उतरल्यामुळे नसेल, तर मधुमेह नसलेल्यालाही तो मिळेल का?

ग्लासगोचे जॉन मॅकमरे यांच्या नेतृत्वाखालच्या डापा-एचएफ चाचणीने हेच तपासलं. भारतासह २० देश, ४,७४४ रुग्ण. हृदयाचं पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेली ही माणसं. हार्ट फेल्युअरमध्ये चार पावलांत धाप लागते, घोट्याच्या सुजेवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो. निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हता. चालू औषधं तशीच ठेवून काहींना रोज १० मिलिग्रॅम डापाग्लिफ्लोझिन, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. साधारण दीड वर्षाने पाहिलं, तर बिनऔषधाच्या गटात २१.२ टक्के लोकांचा आजार बळावला होता किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला होता. औषधाच्या गटात १६.३ टक्के. मधुमेह असो वा नसो, लाभ सारखाच. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसला हे जाहीर झालं. हे नेमकं कसं घडतं, यावर अजून संशोधन चालू आहे.

शोध कितीही मोठा असो, वाशीमच्या शेतकऱ्याला गोळीचा भाव परवडायला हवा. ऑक्टोबर २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं मूळ पेटंट संपलं, मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं. देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, भाव उतरले. पण पंपिंग किती, हे इको केल्याशिवाय कळत नाही, आणि ही गोळी मनाने घ्यायचीही नाही. त्यासाठी तपासणी आणि डॉक्टर जवळ हवेत; १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याला मात्र स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२४ साल उजाडलं.