भोईवाड्याच्या शेजारी मोजलेला श्वास

‘चयापचय वाढवा, वजन घटवा’ हे वाक्य आज प्रत्येक व्यायामशाळेच्या फलकावर वाचावयास मिळते. मुंबईकरांचा चयापचय मात्र ८० हून अधिक वर्षांपूर्वीच शास्त्रीय रीतीने मोजला गेला होता, आणि तोही परळला, भोईवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. आजचा धागा त्या मोजणीविषयी. 🧵

स्थळ हाफकिन संस्था. परळचा हा वाडा पूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान होता. १८९९ साली तेथे प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी एम. ए. मालंडकर यांच्यासह केलेला मुंबईकरांच्या मूलभूत चयापचयाचा अभ्यास १९३९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला.

भोई म्हणजे पालखी वाहणारे. ज्या वस्तीच्या नावातच खांद्यावरचे ओझे आहे, तिच्या शेजारी निश्चल पडलेल्या शरीराचा खर्च मोजला जावा, हा योगायोग मला फार आवडतो.

मूलभूत चयापचय म्हणजे काहीही न करता, केवळ जिवंत राहण्यासाठी शरीराला लागणारी ऊर्जा. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चाचा सुमारे ६० ते ७० टक्के भाग हाच असतो. तो मोजण्याची रीत साधी, पण काटेकोर. रात्रभराच्या उपवासानंतर सकाळी माणसाला शांत निजवायचे, आणि त्याने श्वासावाटे किती प्राणवायू वापरला हे पाहायचे. एक लिटर प्राणवायूमागे साधारण ४.८ किलोकॅलरी खर्च होतात. येणारा आकडा त्या काळी न्यूयॉर्कच्या द्यु बॉय यांच्या मानकाशी ताडून पाहत.

कलकत्ता, मद्रास, मुंबई येथील मोजण्यांत एक गोष्ट वारंवार दिसली : भारतीयांचे आकडे पाश्चात्य मानकांहून कमी, ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास. कारण काय? उष्ण हवा, वंश, की अन्न?

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या वादाचा नव्हता. मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची सरकारी पाहणी १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. गिरण्यांच्या या शहरातील कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळ-संहितेच्या कमाल मर्यादेइतके, परंतु तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या आहाराहून कमी, असा तिचा निष्कर्ष होता! आता भारतीय शरीराला मुळातच कमी लागते असे म्हटले, की अर्धपोटी कामगार शास्त्राच्या आधाराने ‘पुरेसा जेवलेला’ ठरतो. उलट, कमी मिळते म्हणून शरीर कमी खर्चते असे असेल, तर तोच आकडा उपासमारीचा पुरावा होतो.

दुसऱ्या शक्यतेला बळ अमेरिकेतून मिळाले. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, चयापचय मात्र ४० टक्क्यांच्या जवळपास उतरला. कडक उपासाने झपाट्याने बारीक होऊ पाहणाऱ्यांचे वजन पुढे अडून का बसते, याचे एक कारण येथे आहे. शरीराला हौस आणि दुष्काळ यांतला भेद कळत नाही.

वंशाचा मुद्दा बराच काळ रेंगाळला. जगभर वापरल्या गेलेल्या १९८५ च्या समीकरणांमागील जवळजवळ निम्म्या नोंदी एकट्या इटालियन लोकांच्या होत्या! अखेर १९९८ मध्ये भारत व ऑस्ट्रेलियातील नोंदींची तुलना झाली. शरीररचनेचा, म्हणजे चरबी व चरबीविरहित भागाचा, हिशेब धरताच वांशिक फरकाचा पुरावा उरला नाही.

मग चयापचय वाढवता येतो का? तसा एक प्रयत्न इतिहासात भीषण ठरला. १९३३ पासून अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल हे रसायन बारीक होण्यासाठी दिले जाऊ लागले. चयापचय खरोखर भडकला, परंतु माणसे अंगातल्या उष्णतेने दगावली, कित्येकांना मोतीबिंदू झाले आणि १९३८ मध्ये त्याचा वापर थांबवावा लागला.

सुरक्षित उपायांचे माप लहान आहे. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ किलोकॅलरी खर्चतो, म्हणजे चमचाभर साखरेहूनही कमी. तरीही वजन उतरताना स्नायू टिकवणे मोलाचे, आणि त्यासाठी वजने उचलण्याचा व्यायाम व पुरेशी प्रथिने हवीत. प्रथिनांतील २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यातच जाते. तेव्हा मोडाची उसळ आणि मासळी यांचा मान राखावा. आणि ‘तिशीनंतर चयापचय मंदावतो’ ही सबब २०२१ च्या एका मोठ्या जागतिक अभ्यासाने काढून घेतली आहे. शरीराचे आकारमान लक्षात घेतले, तर विशीपासून साठीपर्यंत तो जवळपास स्थिर राहतो.

स्नायू आणि चरबी यांतला हा भेद एका छायाचित्राने गाजवला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे दिसतात. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के.