डेटाबेसच्या खिडकीवर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकिल्ले आणि मोडीतले कागद येतात. आजचा इतिहास जेमतेम साठ वर्षांचा आहे, पण आपल्यापैकी बऱ्याच घरांची चूल त्यावर पेटलेली आहे. आपला प्रोग्रॅम डेटाबेसशी बोलतो कसा, आणि ही बोलण्याची रीत इतक्या वेळा का बदलली, हा आजचा विषय. ऐकणाऱ्यांत या धंद्याबाहेरचे लोकही आहेत, म्हणून सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ: सरकारी कचेरीतून सात-बाराचा उतारा काढणं.

साठच्या दशकात प्रोग्रॅमर स्वतःच दफ्तरात शिरायचा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी बांधलेलं आयडीएस काय, किंवा आयबीएमने अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला उभं केलेलं आयएमएस काय, दोन्हींत हे कपाट, हे बस्तान, त्यातलं पुढचं पान, असा माग काढत जावं लागे. १९७३ साली ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात बाखमन यांनी प्रोग्रॅमरला दर्यावर्दी म्हटलं, ते याच अर्थानं. पण त्याआधीच, १९७० साली, आयबीएमच्याच सॅन होजेच्या प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी वेगळं काही मांडलं होतं. दफ्तरात जाऊ नका. खिडकीवर अर्ज द्या, काय हवं तेवढं लिहा, कुठून काढायचं ते आतला कारकून बघेल. या अर्जाची भाषा चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. तीच आजची एसक्यूएल. १९८६ मध्ये ती अमेरिकेत प्रमाण ठरली.

भाषा एक झाली, पण खिडक्या वेगळ्याच राहिल्या. ओरॅकलला एका पद्धतीनं हाक मारायची, सायबेसला दुसऱ्या, इन्फॉर्मिक्सला तिसऱ्या. ग्राहकानं डेटाबेस बदलला की प्रोग्रॅमचा तेवढा भाग नव्यानं लिहायचा. १९८९ मध्ये यातल्या काही प्रतिस्पर्धी कंपन्या एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप या नावानं एका टेबलाभोवती बसल्या. त्या कामाच्या आधारावर मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये ओडीबीसी बाजारात आणलं. कल्पना साधी होती. प्रोग्रॅमनं एकाच ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा. मध्ये एक 'ड्रायव्हर मॅनेजर' बसेल आणि तो अर्ज त्या त्या डेटाबेसच्या ड्रायव्हरकडे पाठवेल. ड्रायव्हर म्हणजे त्या कचेरीची बोली जाणणारा माणूस. सुरुवातीला लोकांनी नावं ठेवली: संथ आहे, सी भाषेतल्या त्याच्या हाका किचकट आहेत. तक्रारी खोट्या नव्हत्या. पण १९९५ मध्ये हीच पद्धत थोड्या फरकानं आंतरराष्ट्रीय प्रमाणातही आली. दोन वर्षांनी जावाचं जेडीबीसी आलं तेही याच घडणीवर.

यानंतरची दहा वर्षं मोठी गमतीची आहेत, म्हणजे आज लांबून बघताना. व्हिज्युअल बेसिक आणि ॲक्सेसवाल्यांसाठी डीएओ आलं. ते छोट्या फाइलवर झकास, मोठ्या सर्व्हरपुढे धापा टाकणारं. म्हणून १९९५ मध्ये आरडीओ आलं, ओडीबीसीवर घातलेला एक पातळ अंगरखा. ते हाताला बसतंय तोच १९९६ मध्ये एडीओ आणि त्याच्या पोटात ओएलई डीबी. जाणकार त्याचा उच्चार 'ओले डीबी' करतात, आणि मराठी कानाला मग सुका डीबी कुठे आहे असा प्रश्न पडतो. त्याची महत्त्वाकांक्षा मोठी होती: नुसते तक्तेच नाहीत, तर ईमेल, स्प्रेडशीट, जे असेल ते सगळं एकाच खिडकीतून मिळावं. प्रत्यक्षात लोकांनी त्यातून मुख्यतः तक्तेच मागवले, आणि बरेचदा एडीओच्या खाली ओले डीबी, त्याच्याही खाली पुन्हा तेच जुनं ओडीबीसी, अशी उतरंड असायची.

पुण्यात तेव्हा क्लासच्या पाट्यांवर 'व्हीबी-ओरॅकल' हे जोडनाव असे आणि आम्ही पोरं एडीओचा रेकॉर्डसेट पाठ करत असू. 'मूव्हनेक्स्ट' लिहायला विसरलं की प्रोग्रॅम त्याच ओळीवर जन्मभर घुटमळे. त्या पुस्तकांतली एक सवय मात्र महागात पडली: वापरणाऱ्यानं टाकलेला मजकूर तसाच अर्जात चिकटवायचा. इंग्रजीत डिसोझा किंवा डिमेलो लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक टिंबासारखं चिन्ह देतात. एसक्यूएलला ते चिन्ह म्हणजे मजकूर संपल्याची खूण. वसई-गोव्याच्या अर्ध्या आडनावांवर असे प्रोग्रॅम कोसळत, आणि याच फटीतून मुद्दाम आज्ञा घुसवून डेटा पळवता येतो हे नव्वदच्या दशकाच्या शेवटी उघड झालं. मूल्य वेगळं, अर्ज वेगळा ठेवायची सोय ओडीबीसीतही होती आणि एडीओतही. शिकवणाऱ्यांनी ती मागच्या प्रकरणात ढकलली होती.

२००२ च्या सुरुवातीला एडीओ डॉट नेट आलं. नाव जुनं, वस्तू नवी. तोवर वेब आलं होतं. हजारो माणसं खिडकी अडवून उभी राहिली तर कचेरी बंद पडेल. म्हणून उताऱ्याची प्रत घ्या, खिडकी सोडा, घरी दुरुस्त्या करा, मग परत या. मधल्या वेळात दुसऱ्यानं तोच उतारा बदलला असेल तर? ते भांडण सोडवायची जबाबदारी प्रोग्रॅमरवर आली. त्याच महिन्याभरात जोएल स्पोल्स्की यांनी एका लेखात ही सगळी आद्याक्षरांची माळ मोजून दाखवली आणि विचारलं, हे खरंच एवढं गरजेचं होतं का? ते इस्रायलच्या सैन्यात राहिलेले. त्यांचं म्हणणं, हा आच्छादनाचा गोळीबार आहे; प्रतिस्पर्ध्यानं डोकं वर काढू नये, जुळवून घेण्यातच त्याचा वेळ जावा.

मला हे अर्धंच पटतं. वेबसाठीचा बदल खराच गरजेचा होता. पण किंमत कुणी मोजली, हे एमबीएच्या चष्म्यातून बघावंसं वाटतं. एका विमा कंपनीत आम्ही आठ महिने एडीओचं एडीओ डॉट नेट करत होतो. शेवटी तिथल्या बाईंनी विचारलं, 'पडदा तर तोच आहे. मग आम्हाला मिळालं काय?' प्रामाणिक उत्तर होतं: पुढची काही वर्षं दुरुस्ती मिळत राहील याची खात्री. प्रोग्रॅमरला तेवढंही नव्हतं. व्हीबीत मुरलेल्या माणसाचा अनुभव दर तीन वर्षांनी शून्यावर येत होता.

मग आले मध्यस्थ. जावात २००१ मध्ये हायबरनेट, मायक्रोसॉफ्टकडे २००८ मध्ये एंटिटी फ्रेमवर्क. अर्ज लिहायचाच नाही. आपल्या वस्तूंशी बोला, वकील तुमच्या वतीनं अर्ज करील. नेहमीच्या कामाला उत्तम, मीही वापरतो. पण वकिलाला नीट सांगितलं नाही, तर शंभर शेतकऱ्यांच्या यादीसाठी एक फेरी आणि मग प्रत्येकाच्या उताऱ्यासाठी एकेक, अशा एकशेएक फेऱ्या तो निमूटपणे मारतो. पाच नोंदींच्या चाचणीत हे कळत नाही, महिनाअखेरीला कळतं. स्टॅक ओव्हरफ्लोला असाच वेगाचा त्रास झाला, आणि २०११ मध्ये त्यांच्या लोकांनी डॅपर लिहिलं: अर्ज तुम्हीच हातानं लिहा, आम्ही फक्त उत्तराची घडी घालून देऊ. हे स्टॅक ओव्हरफ्लो काढणाऱ्या दोघांतले एक तेच स्पोल्स्की.

त्याच २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की एसक्यूएल सर्व्हरसाठी ओले डीबी बंद होणार, सी-सी++ वाल्यांनी ओडीबीसीकडे वळावं. म्हणजे ज्याची जागा घ्यायला ओले डीबी आणलं, त्याच्याकडेच परत. मग २०१७ मध्ये तोही निर्णय मागे घेतला आणि पुढच्या वर्षी ओले डीबीचा नवा ड्रायव्हर दिला. मधल्या काळात ज्यांनी निमूटपणे कोड बदलला त्यांच्या चेहऱ्यांची कल्पना करा. डीएओचंही तसंच. ॲक्सेस २००० नं त्याला मागे सारून एडीओला पुढे बसवलं, पुढच्या आवृत्त्यांनी ते परत आणलं.

आरडीओ गेलं, कारण ते एकाच घरच्या एकाच साधनाच्या सोयीचं होतं. ओडीबीसी टिकलं, कारण त्यात ओरॅकलपासून आयबीएमपर्यंत प्रत्येकाचा जीव अडकला होता. एका कंपनीला वाटलं तरी ते मारता येणार नव्हतं. आज क्लाउडमधल्या डेटाबेसवाल्यांनाही एक्सेलवाल्या ग्राहकापर्यंत पोचायचं तर ओडीबीसीचा ड्रायव्हर द्यावाच लागतो.

तुमच्या विंडोजच्या संगणकावरही ते आहे. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ओडीबीसीच्या मांडणीचे दोन प्रोग्रॅम असतात, आणि दोन्हींच्या फाइलचं नाव ओडीबीसीएडी३२. त्यातला चौसष्ट बिटांचा सापडतो सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरात आणि बत्तीस बिटांचा सिसवॉव६४ मध्ये. ही अदलाबदल जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून जाणूनबुजून ठेवलेली आहे. तेव्हा उद्या ऑफिसात कुणी 'ड्रायव्हर टाकला तरी दिसत नाही' म्हणून हाक मारली, तर आधी दुसऱ्या फोल्डरातला उघडून बघा.