मोडू नये अशी सुरी : अमेरिकन मरीन सैनिकांची १९४२ ची निवड

१/ सैनिकाची सुरी म्हटली की हातघाईची लढाई डोळ्यांसमोर येते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर उतरलेल्या अमेरिकन मरीन सैनिकाच्या कमरेची सुरी मात्र बहुधा डबे फोडणे, पेट्या उघडणे, तारा व वेली तोडणे यांतच झिजत असे. हे ध्यानात येण्यापूर्वी दोन सुऱ्या अपुऱ्या ठरल्या.

२/ पहिली १९१८ ची 'मार्क १'. खंदकातील झुंजीसाठी घडवलेली. ब्राँझच्या मुठीला ठोसा मारण्यासाठी चार कड्या. ही रुंद मूठ म्यानात नीट बसेना, पकड बदलता येईना, शिवाय ती बनवणे खर्चिक. बारीक दुधारी पाते पेट्या उघडताना मोडे.

३/ दुसरी मरीन 'रेडर' तुकड्यांची कट्यार, ब्रिटिश फेअरबेर्न-साइक्स सुरीवर बेतलेली. पहारेकऱ्याला आवाज न होता मारण्यास उत्तम, इतर कामांस नाजूक. मूठ जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव. आज उरलेल्या कित्येक मुठी तडकलेल्या आढळतात.

४/ दोष कारागिरीचा नव्हता. भोसकताना जोर पात्याच्या लांबीच्या दिशेने पडतो, पेटी उचकटताना आडवा. दुधारी पात्याची पुरी जाडी केवळ मधल्या रेषेत उरते आणि टोकाशी तीही संपते. पोलादाचे गणितही असेच : कठीणपणा वाढवला तर धार टिकते, पण पाते ठिसूळ होते. कष्टाच्या कामाला थोडा कठीणपणा सोडून चिवटपणा घ्यावा लागतो.

५/ सैनिकांनी उत्तर आधीच शोधले होते. अनेकांनी पदरमोड करून शिकारीच्या सुऱ्या विकत घेतल्या. कर्नल जॉन डेव्हिस आणि मेजर हॉवर्ड अमेरिका यांनी कॅमिलस कंपनीच्या सहकार्याने याच घडणीला लष्करी रूप दिले.

६/ नव्या सुरीचे पाते ७ इंची, एकधारी. पाठ जाड राहिल्याने आडवा जोर सोसता येई. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेली मूठ ओल्या हातातही पकड देई. बोटे धारेवर घसरू नयेत म्हणून पोलादी आडवी पट्टी, तर फॉस्फेटच्या काळसर थराने चकाकी झाके आणि गंज लांबे.

७/ पात्यावरील खोबण 'रक्त वाहून जाण्यासाठी' असते, हा लोकप्रिय समज निराधार आहे. तिचे काम वजन कमी करणे. धातू मधून वगळला तरी पाठ आणि धारेकडचा भाग शाबूत राहतो, म्हणून मजबुती फारशी घटत नाही.

८/ २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मरीन दलाने ही सुरी स्वीकारली. नौदलानेही ती 'मार्क २' या नावाने घेतली. अनेक कारखान्यांनी ती बनवली, पण युनियन कटलरीने पात्यावर ठोकलेला 'का-बार' हा छापच सर्वांच्या तोंडी बसला.

९/ कॅमिलसमधून पहिला माल निघाला तो २७ जानेवारी १९४३ रोजी. ग्वाडलकनालची लढाई ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू होऊन ९ फेब्रुवारी १९४३ रोजी संपली. त्या जंगलात लढलेल्यांपर्यंत ही सुरी वेळेवर पोहोचणे जवळजवळ अशक्यच होते. त्यांनी ते बेट जिंकले ते जुन्या आणि स्वतःच्या पैशाने घेतलेल्या सुऱ्यांनिशी.