पास्कल भाषेतील नामांकित स्थिरांक आणि अ‍ॅरे-पॅरामीटरचा आकार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एकाच प्रकारची अनेक मूल्ये क्रमाने साठविण्यासाठी प्रोग्रॅममध्ये अ‍ॅरेचा उपयोग केला जातो. असा अ‍ॅरे प्रोसिजरकडे पॅरामीटर म्हणून सोपविताना त्याचा आकार कोणी व केव्हा ठरवावा, हा जुना प्रश्न आहे. ‘१०० हा आकडा ठिकठिकाणी लिहू नका, त्याला नाव द्या’ असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. या शिकवणुकीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा पास्कलच्या इतिहासाच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पास्कलमधील व्यवस्था :
अल्गोल ६० या भाषेत प्रोसिजरच्या अ‍ॅरे-पॅरामीटरच्या सीमा लिहाव्या लागत नसत. प्रत्यक्ष सोपविलेल्या अ‍ॅरेच्या सीमाच तेथे लागू होत. झुरिच येथे निक्लाउस विर्थ (१९३४-२०२४) यांनी १९७० च्या सुमारास सिद्ध केलेल्या पास्कलमध्ये मात्र सीमा हा अ‍ॅरेच्या टाइपचाच भाग ठरला. त्यामुळे कंपायलरला आकार आधीच कळे आणि सीमांची तपासणी सुलभ होई. प्रोसिजरच्या शीर्षकात सीमा थेट लिहिण्याची मुभा नव्हती. तेथे केवळ टाइपचे नाव येई. म्हणून प्रथम स्थिरांकाला नाव, मग त्या नावावर आधारलेला टाइप व शेवटी प्रोसिजर, असा क्रम रूढ झाला. कमाल मर्यादा १०० वरून ५०० करावयाची झाल्यास एकच ओळ बदलून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला की पुरे.

मर्यादा :
तथापि, ६० विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढणारी प्रोसिजर १२० गुणांचा अ‍ॅरे स्वीकारीत नसे, कारण दोहोंचे टाइप भिन्न होते. यावर उपाय म्हणून कमाल आकाराचा अ‍ॅरे घोषित करून प्रत्यक्ष संख्या वेगळ्या पॅरामीटरद्वारे पाठविली जाई. उरलेली जागा रिकामीच राही. ब्रायन कर्निगन यांनी १९८१ मधील आपल्या टीकालेखात हा दोष पास्कलची सर्वांत मोठी अडचण मानला. स्वतः विर्थ यांनी मॉड्युला-२ या पुढील भाषेत खुल्या अ‍ॅरे-पॅरामीटरची सोय केली. १९८३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानेही पास्कलसाठी तशी सुविधा दिली. परंतु ती केवळ वरच्या स्तरावर असल्याने सर्व कंपायलरना बंधनकारक नव्हती.

समारोप :
स्थिरांकाला नाव दिल्याने आकड्याला अर्थ प्राप्त होतो व बदल एकाच जागी करता येतो. मात्र प्रोसिजर त्या आकारातून मुक्त होत नाही. सी भाषेत तर एकमितीय अ‍ॅरे-पॅरामीटरच्या कंसात स्थिरांकाचे नाव लिहिले, तरी कंपायलर त्यावरून आकाराची सक्ती करीत नाही. ती वाचणाऱ्यासाठी केलेली नोंद ठरते. पास्कलमध्ये जे नाव बंधन होते, तेच सी भाषेत केवळ सूचना होते. हा भेद न सांगता स्थिरांकाचा नियम शिकविल्यास, सीमेचे रक्षण आपोआप होते असा समज घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो. नियमासोबत त्याचा इतिहासही शिकविणे म्हणूनच अगत्याचे आहे.