गादीतल्या तारा आणि चार्जरवरचं नाणं

2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीतून शिरून आत कुठेतरी अडकली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून 14 वर्षं होती. डॉक्टर जखमेत बोटं घालून गोळी चाचपत होते. अशा वेळी टेलिफोनमुळे जगभर नाव झालेला अलेक्झांडर ग्रॅहम बेल एक यंत्र घेऊन पुढे आला.

यंत्रामागची कल्पना लंडनच्या डेव्हिड ह्यूजची, 1879 सालची. तारेच्या कॉइल अशा मांडायच्या की त्यांचे एकमेकींवरचे चुंबकीय परिणाम फिटून जावेत. टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला तर शांतता. जवळ धातू आला की समतोल ढळणार आणि आवाज येणार. यादवी युद्धातल्या गोळ्या अंगात घेऊन जगणाऱ्या जुन्या सैनिकांवर बेलने ते तपासलं, आणि तिथे ते चाललं. व्हाइट हाउसमध्ये मात्र नको तिथेच आवाज येऊ लागला. नंतर कळलं की अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांना गोळी उजव्या बाजूलाच आहे याची खात्री होती आणि शोधही तिथेच झाला. 19 सप्टेंबरला गारफील्ड गेले. गोळी सापडली ती मणक्याच्या डाव्या बाजूला. दोष तारांचा किती आणि डॉक्टरी हट्टाचा किती, यावर अजून वाद होतो. मला विचाराल तर हट्टाचं पारडं जड आहे.

पण तारांनी उभा केलेला प्रश्न खराच होता. धातू आहे हे कळणं सोपं. तो आपला की परका, हे कळणं अवघड. फोनच्या वायरलेस चार्जरपुढे आज नेमका हाच प्रश्न आहे.

चार्जरमधल्या कॉइलमधून सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे फोनमधल्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. हे फॅरडेने 1831 मध्येच दाखवलं होतं. मात्र चुंबकीय क्षेत्राला फोन आणि नाणं यांतला फरक कळत नाही. मध्ये धातूचा तुकडा आला तर त्याच्या अंगातही प्रवाहाचे भोवरे उठतात आणि तो तापतो. 1855 मध्ये फूकोने चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून ही उष्णता दाखवली होती. घरातल्या इंडक्शन शेगडीवर आपण याच भोवऱ्यांवर चहा उकळतो. आपली एक-दोन रुपयांची नाणी लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची. म्हणजे चार्जरच्या दृष्टीने ती छोटी पातेलीच.

वायरलेस पॉवर कन्सोर्टियम ही कंपन्यांची संघटना 2008 मध्ये स्थापन झाली. तिचं ‘ची’ हे मानक 2010 मध्ये आलं, आणि परक्या वस्तूच्या तपासणीला खरी धार आली ती 2012 च्या 1.1 आवृत्तीत. पद्धत वाण्याच्या वहीसारखी. फोन मला इतके वॅट मिळाले असं ठरावीक वेळाने चार्जरला कळवतो. चार्जर आपण दिलेल्यातून ते वजा करतो, स्वतःची आणि फोनच्या धातूची नेहमीची घट धरतो. त्यापलीकडे हिशेब लागला नाही, तर मध्ये कुणीतरी वीज खातंय असं समजून पुरवठा तोडतो. चाचणीसाठी पोलादी चकती, अॅल्युमिनियमचं कडं, फॉइलचा तुकडा अशा ठरवून दिलेल्या वस्तू वापरतात.

गंमत अशी, की चार्जर नाणं पाहत नाही. त्याला फक्त तूट दिसते. आणि तूट दिसण्यालाही मर्यादा आहे. नाण्याला चटका बसण्याइतकं तापायला अर्धा वॅटही पुरतो. 5 वॅटच्या चार्जरमध्ये तो दहावा हिस्सा, सहज डोळ्यात भरणारा. 15 वॅटमध्ये जेमतेम 3 टक्के. फोन थोडा तिरका ठेवला तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून जास्त शक्तीच्या चार्जरसाठी आधीच तपासायची दुसरी युक्ती आली. देवळातल्या घंटेला टोल दिला की ती घुमत राहते, हात लावला की लगेच गप्प होते. चार्जरही वीज द्यायच्या आधी आपली कॉइल अशी हलकेच ‘वाजवून’ पाहतो. फोनचा धातूही ती घुमी दाबतोच. तेव्हा माझ्यामुळे ती किती राहायला हवी, हे फोन स्वतःच सांगतो. त्याहून लवकर विरली, तर मध्ये आणखी कुणीतरी आहे. बेलला गादीखाली काय आहे हे आधी ठाऊक नव्हतं. इथे गादीच आपली ओळख करून देते.

विजेवरच्या मोटारीपाशी मात्र वहीचा हिशेब पार कोलमडतो. मोटारींच्या वायरलेस चार्जिंगचं जे2954 हे मानक 2020 मध्ये आलं, त्यात 11 किलोवॅटपर्यंतची वीज धरली आहे. एवढ्यात अर्धा वॅट म्हणजे 22 हजारांतला एक भाग. तो मोजमापाच्या चुकीतच बुडून जातो. इकडे जमिनीवरच्या पॅडवर पडलेला खिळा किंवा च्युइंगगमचा चांदीचा कागद पेट घेण्याइतका धोका निर्माण करू शकतो. म्हणून पॅडवर छोट्या छोट्या कॉइलची वेगळी जाळी पसरतात. त्यातल्या काही रचनांत कॉइलच्या जोड्या अशा गुंफलेल्या असतात, की मुख्य क्षेत्राचा परिणाम आपापसात फिटून जावा आणि खिळा पडला तरच समतोल ढळावा. ही ह्यूजचीच कल्पना. फक्त कान लावून बसलेला माणूस नाही.

मोटारीखाली उबेला येऊन बसणाऱ्या मांजराला ही जाळी ओळखत नाही. तिच्यासाठी रडारसारखे वेगळे सेन्सर लागतात.