स्पीलबर्गला आईनं कॅमेरा दिला, जब्याच्या हातात दगड होता: 'फँड्री'त नागराज मंजुळेंचं बालपण कुठं सापडतं?

साल १९५२. अमेरिकेतलं एक जोडपं आपल्या लहानग्या पोराला पहिल्यांदाच थिएटरात घेऊन जातं. पिक्चर असतो 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ'. त्यात रेल्वेचा भयंकर अपघात दाखवलाय. तो बघून पोरगं इतकं हादरतं की घरी आल्यावर खेळण्यातली आगगाडी आपटून तोच अपघात परत परत करत बसतं. शेवटी आई वडिलांचा कॅमेरा त्याच्या हातात देते. एकदा शूट कर, मग पाहिजे तितक्या वेळा बघ.

'द फेबलमन्स' हा सिनेमा इथून सुरू होतो. पोराचं नाव सॅमी असलं तरी गोष्ट स्टीव्हन स्पीलबर्गची स्वतःचीच आहे. २०२२ मध्ये तो आला आणि त्याला ऑस्करची ७ नामांकनं मिळाली. योगायोग म्हणजे त्याच वर्षी भारतानं ऑस्करला पाठवलेला गुजराती 'छेल्लो शो'सुद्धा असाच होता. दिग्दर्शक पान नलिन यांच्या लहानपणावर बेतलेला. स्टेशनवर चहा विकणाऱ्या बापाचा पोरगा आईनं दिलेला डबा थिएटरच्या ऑपरेटरला देतो आणि त्या बदल्यात फुकट पिक्चर बघतो.

मग मराठीत असा सिनेमा कुठला? उत्तर आहे 'फँड्री'. पण यात ना थिएटर दिसतं, ना प्रोजेक्टर, ना कॅमेऱ्याचं वेड असलेला पोरगा. तरीही उत्तर तेच. कसं, ते समजून घ्यायला आधी जेऊरला जावं लागेल.

जेऊर हे सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातलं रेल्वे स्टेशनचं गाव. परभणीजवळचं पिंगळी जसं स्टेशनचं गाव, तसंच. ऐंशी-नव्वदच्या दशकात अशा गावांमधल्या पोरांना सिनेमा भेटला तो बहुतेक करून व्हिडिओवर. भाड्यानं आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर, गणपतीत मंडळापुढं मांडी घालून बसलेलं गाव आणि रात्रभर एकामागून एक पिक्चर. नागराज मंजुळे याच काळात जेऊरमध्ये वाढले. वडार समाजातलं, दगड फोडून पोट भरणारं घर. पोराला पिक्चरचा नाद असा की शाळा बुडवून बघायचा आणि मग मित्रांना स्टोरी रंगवून सांगायचा.

घरात कॅमेरा असण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. पडद्यावरचा हिरो दिसायला, बोलायला, आडनावानं या पोरासारखा कधीच नसायचा. सॅमीनं पिक्चर बघितला आणि त्याला वाटलं, हे आपल्यालाही करता येईल. जेऊरच्या पोरानं तितक्याच प्रेमानं पिक्चर बघितले, पण त्यात तो स्वतः कुठंच नव्हता.

पुढं या पोरानं पुणे विद्यापीठातून मराठीत एमए आणि एमफिल केलं, कविता लिहिल्या. अहमदनगरला संज्ञापन शिकताना 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि १४ फेब्रुवारी २०१४ ला, बरोब्बर व्हॅलेंटाइन डेला, 'फँड्री' महाराष्ट्रात प्रदर्शित झाला.

'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या हा गावकुसाबाहेर राहणाऱ्या कैकाडी कुटुंबातला शाळकरी पोरगा. वर्गातल्या उच्च जातीच्या शालूवर त्याचं प्रेम आहे, तेही मनातल्या मनात. त्याला जीन्स पाहिजे, गोरं दिसायचंय, काळी चिमणी पाहिजे. का, तर तिची राख टाकली की पोरगी वश होते म्हणे! मंजुळे यांनी मुलाखतींत सांगितलंय की जब्यात ते स्वतः आहेत. जात बदलली, काळ मोबाइलचा आला, पण लाज तीच.

नीट बघितलं तर जब्याच्या डोक्यात एक पिक्चर सुरू आहे. नवे कपडे, हिरोची ऐट, लांबून बघणारी हिरॉईन. जत्रेत थोडा वेळ हा पिक्चर खरासुद्धा होतो. सायकलवाला चंक्या जब्याला खांद्यावर घेऊन नाचतो आणि शालू बघत असते. हा चंक्या रंगवलाय खुद्द नागराज मंजुळे यांनी. म्हणजे मोठा झालेला दिग्दर्शक स्वतःच्याच बालपणाला खांद्यावर घेऊन नाचतोय. पण लगेच बाप हाक मारतो आणि त्याच मिरवणुकीत जब्याच्या डोक्यावर दिव्याचं ओझं येतं. पिक्चर बंद.

(इथून पुढं शेवट सांगितलाय. 'फँड्री' बघितला नसेल तर आधी बघून या.)

पोरीच्या लग्नाला पैसे पाहिजेत म्हणून जब्याचा बाप कचरू गावातली डुकरं धरायचं काम घेतो. सगळं कुटुंब कामाला लागतं, तेही शाळेशेजारी. शालूनं बघू नये म्हणून जब्या भिंतीआड लपतो. डुक्कर जवळजवळ हातात आलेलं असतं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरचेही उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. हसू येतं आणि हसल्याचं वाईटही वाटतं. पुढं बांधलेलं डुक्कर काठीला लटकवून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रं दिसतात. तिथं कोणी एक शब्द बोलत नाही.

हे सगळं बघायला गाव जमतं. पोरं हसतात, टिंगल करतात. आणि शालूही हसते.

'फँड्री'तला सिनेमा तो इथंच. गाव प्रेक्षक झालंय आणि जब्याचं घर म्हणजे त्यांचा खेळ. ज्या पोरानं आयुष्यभर दुसऱ्यांना पडद्यावर बघितलं, त्याच्याकडं पहिल्यांदा सगळे बघतायत, पण ते असं. जब्या दगड उचलतो. हसणाऱ्या पोरांवर भिरकावतो आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो. पडदा काळा. थिएटरात आत्तापर्यंत आरामात बसलेला माणूस अचानक त्या गर्दीतला एक होऊन जातो.

स्पीलबर्गच्या सिनेमातही कॅमेरा जखम करतोच. कॅम्पिंगच्या शूटिंगमधून सॅमीला कळतं की आईचं वडिलांच्या मित्रावर प्रेम आहे. पण ती गोष्ट घरातली आहे, आणि काय दाखवायचं, काय कापायचं ते सॅमीच्या हातात आहे. जब्याला ती सोय नाही. 'फँड्री' म्हणूनच 'सिनेमाला लिहिलेलं प्रेमपत्र' या नेहमीच्या कौतुकात बसत नाही. प्रेम आहे, पण सोबत मोठी तक्रारही आहे.

या पदार्पणासाठी मंजुळे यांना इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. कचरू झालेले किशोर कदम आणि आईच्या भूमिकेतल्या छाया कदम यांचं काम आजही आठवलं जातं. दोन वर्षांनी 'सैराट' आला. त्यात जब्याला हवा होता तो पिक्चर आधी मनसोक्त दाखवला, गाण्यांसकट, आणि मग शेवटी आवाजच काढून घेतला.

जब्या झालेला सोमनाथ अवघडे तर अभिनेता नव्हताच. करमाळा तालुक्यातल्याच केम गावात हलगी वाजवताना तो मंजुळे यांना दिसला. सिनेमात काम करायला तो आधी तयारच नव्हता. त्याच सोमनाथला 'फँड्री'साठी सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.